पार्श्वभूमी : अपडेटनंतर शीतगृहाचा चेंबर मोबाइलवरून गायब का होतो?

सांगली जिल्ह्यातल्या तासगाव, मिरज, कुपवाड या पट्ट्यातल्या कोल्ड स्टोरेजमध्ये कंट्रोलरचं (चेंबरचं तापमान सांभाळणाऱ्या उपकरणाचं) फर्मवेअर, म्हणजे त्याच्या आतलं सॉफ्टवेअर, अपडेट झाल्यावर एखादा चेंबर मोबाइलवर दिसेनासा झाला, की पहिला संशय सेन्सरवर जातो आणि दुसरा वायरवर. बहुतेक वेळा दोघंही निर्दोष असतात. आत गारवा कायम असतो, कॉम्प्रेसर आपल्या वेळेला चालू-बंद होत असतो. तापमान राखणं आणि ते बाहेर कळवणं ही कंट्रोलरची दोन वेगळी कामं आहेत, आणि त्यातलं दुसरंच थांबलेलं असतं. हे न कळल्यामुळे मशीन मॅन्युअलवर टाकलं जातं, खात्री करायला दहा वेळा दार उघडलं जातं. माल खराब व्हायचा तो यातून होतो.

जुना इतिहास थोडक्यात संपतो. सांगलीजवळच्या हरिपूरच्या हळदीच्या पेवांना, म्हणजे जमिनीतल्या कोठारांना, ना वीज लागत होती ना तापमापक. बेदाण्याचं तसं नाही. फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये शेडवर तयार झालेला हिरवा बेदाणा उन्हाळाभर बाहेर राहिला तर तांबूस पडतो, आणि सौद्यात भाव रंगावर ठरतो. म्हणून चार-पाच अंशांचा गारवा, तोही दिवाळीच्या उठावापर्यंत. सुरुवातीच्या पॅनेलवर तापमान जाणवणारा बल्ब आणि बारीक नळी (कॅपिलरी) असलेला साधा थर्मोस्टॅट असे, आणि ऑपरेटर ठरावीक वेळाने वहीत आकडा लिही. पुढे तापमान मोजणारे पीटी-१०० सेन्सर आणि डिजिटल कंट्रोलर आले. वही मात्र बराच काळ टिकली, आणि ती टिकली हे बरंच झालं.

संवादाचा प्रश्न सुरू झाला तो कंट्रोलर ऑफिसातल्या संगणकाला जोडल्यावर. त्यासाठी वापरलेल्या दोन्ही गोष्टी तेव्हाही जुन्याच होत्या. मॉडबस ही बोलण्याची पद्धत १९७९ची, एका अमेरिकी कंपनीने कारखान्यातल्या यंत्रांसाठी काढलेली. आरएस-४८५ हे तारेचं मानक १९८३चं. दोन तारांवर ३२ उपकरणं आणि १२०० मीटरपर्यंतचं अंतर, म्हणजे मोजक्या चेंबरच्या शीतगृहाला भरपूर झालं. वायफाय थेट चेंबरमध्ये नेणं जमत नाही, कारण भिंतींच्या पफ पॅनेलच्या (मध्ये फोम भरलेल्या पॅनेलच्या) दोन्ही बाजूंचा पत्रा सिग्नल अडवतो. त्यामुळे कंट्रोलरपासून ऑफिसपर्यंत तार आणि ऑफिसातल्या गेटवेपासून, म्हणजे तारेवरची माहिती इंटरनेटवर पाठवणाऱ्या पेटीपासून, पुढे इंटरनेट, अशी रचना रूढ झाली.

या तारेवरचा खरा वाद पॅरिटीचा, म्हणजे अक्षर वाटेत बिघडलं का हे ओळखायला जोडलेल्या जादा बिटाचा, आहे. मॉडबसच्या मानकाप्रमाणे एक अक्षर पाठवायला अकरा बिट लागतात: एक सुरुवातीचा, आठ माहितीचे, एक पॅरिटीचा, एक शेवटचा. मूळ सेटिंग म्हणून मानक सम पॅरिटी आणि १९२०० चा वेग सांगतं. पॅरिटी नको असेल तर शेवटचे बिट दोन ठेवा, म्हणजे अकरांचा हिशेब जुळतो, असंही त्यात लिहिलं आहे. प्रत्यक्षात बाजारातली कितीतरी उपकरणं ९६०० वेग, पॅरिटी नाही आणि शेवटचा बिट एकच, अशा दहा बिटांच्या मांडणीवर चालतात. बसवणाऱ्यांचं म्हणणं सरळ आहे: संदेशाच्या शेवटी सगळा संदेश तपासणारी सोळा बिटांची सीआरसी असतेच, मग प्रत्येक अक्षराला वेगळा पहारा कशाला? म्हणणं चूक नाही. पण मानक पाळणारे उत्पादकही चूक नाहीत.

अडचण अपडेटच्या दिवशी येते. नव्या फर्मवेअरमध्ये मेमरीची मांडणी बदललेली असली, तर कंट्रोलर जुनी सेटिंग न वाचता कारखान्यातली मूळ सेटिंग घेतो, आणि ती गेटवेच्या सेटिंगशी जुळली नाही की बोलणं थांबतं. आपल्याकडे याला सेटिंग उडाली म्हणतात. उत्पादकांची बाजू अशी, की जुने आकडे नव्या मांडणीत चुकीच्या जागी वाचले गेले तर ४.० अंशांचे ४० अंश होऊ शकतात. त्यापेक्षा सगळं पुसलेलं बरं. तापमानाच्या सेटिंगपुरतं हे मान्य करता येईल. पण पत्ता (तारेवरचा कंट्रोलरचा क्रमांक), वेग आणि पॅरिटी हे तीन आकडे सांभाळायला कितीशी जागा लागते? ते पुसण्याचा निर्णय सोयीचा होता, आणि त्या सोयीचा खर्च वायरमनच्या फेरीच्या रूपाने शीतगृहावर पडला.

त्यातही मॉडबसचा स्वभाव असा, की बिघडलेला संदेश आला तर उपकरण उत्तरच देत नाही. त्यामुळे तार तुटली काय, पत्ता बदलला काय किंवा पॅरिटी जुळली नाही काय, गेटवेला सगळं सारखंच दिसतं: टाइमआउट, म्हणजे ठरलेल्या वेळेत उत्तर नाही. निदान मग तर्काने करावं लागतं. अपडेटने तारांची अदलाबदल होत नाही, म्हणून ए आणि बी या दोन तारा उलटसुलट करून पाहण्यात अर्थ नसतो, तरी तेच सगळ्यात आधी केलं जातं. एकच चेंबर गेला असेल तर त्या कंट्रोलरचा पत्ता, वेग आणि पॅरिटी पाहायची. सगळे चेंबर एकदम गेले, तर आधी गेटवेकडे वळायचं.

गेटवेचा भाग अलीकडचा, आणि त्याच्या तऱ्हा वेगळ्या. स्वतःची बॅटरी नसलेलं घड्याळ लाइट गेल्यावर बहुधा १९७०वर जातं. मग सर्व्हरची ओळख पटवणारं डिजिटल प्रमाणपत्र ‘अजून सुरूच झालेलं नाही’ असं ठरतं आणि इंटरनेट असूनही जोडणी नाकारली जाते. जुनं फर्मवेअर प्रमाणपत्र न तपासता जोडून घेत असेल, तर हा दोष अपडेटनंतरच उघडा पडतो आणि खापर अपडेटवर फुटतं.

घरगुती स्मार्ट थर्मोस्टॅटचा अनुभवही फार निराळा नाही. २०१६च्या जानेवारीत अमेरिकेत एका प्रसिद्ध थर्मोस्टॅटची बॅटरी अपडेटमधल्या दोषाने उतरली आणि ऐन थंडीत घरं गारठली. तिथे तर बोलण्याबरोबर नियंत्रणही गेलं. २०२५च्या ऑक्टोबरात त्याच थर्मोस्टॅटच्या पहिल्या दोन पिढ्यांचा ॲपशी संबंध तोडण्यात आला. भिंतीवरून तापमान बदलणं मात्र चालू राहिलं.

प्रमाणपत्रांचं प्रकरण तर अजून संपलेलं नाही. मोफत प्रमाणपत्रं देणाऱ्या एका मोठ्या सेवेची साखळी ज्या जुन्या मूळ प्रमाणपत्रावर (ज्याच्या भरवशावर बाकीची खरी मानली जातात) टेकलेली होती, त्याची मुदत ३० सप्टेंबर २०२१ रोजी संपली आणि नवं मूळ प्रमाणपत्र न ओळखणारी जगभरातल्या जुन्या उपकरणांची जोडणी तुटली. त्या नव्याची मुदत २०३५ पर्यंत आहे. शीतगृहात एकदा बसवलेलं पॅनेल बंद पडेपर्यंत कुणी बदलत नाही, त्यामुळे आज लागलेले काही गेटवे तेव्हाही भिंतीवर असतील.