दशावतारी संवाद

दशावतारी संवाद : दक्षिण कोकणातील, मुख्यतः सिंधुदुर्ग जिल्ह्यातील आणि लगतच्या गोव्यातील दशावतारी नाटकात नट आयत्या वेळी रचतात ते बोलणे. या नाटकाला लिखित संहिता नसते. त्यामुळे नटाला पाठांतर नाही आणि अडखळला तर आतून शब्द पुरवणाराही कोणी नाही. रंगभूमीवर तगायचे ते जिभेच्या जोरावर.

कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की मंडळे बाहेर पडतात, ती पावसाच्या तोंडापर्यंत फिरत राहतात. देवळासमोर एक बाकडे, मागे पडदा, बाजूला पायपेटी, पखवाज आणि झांज. राजा बसला की त्याच बाकड्याचे सिंहासन होते. अरण्य, रणभूमी, इंद्रसभा हे सारे तोंडाने उभे करायचे.

पूर्वरंगाला आडदशावतार म्हणतात. त्यात गणपती, ऋद्धिसिद्धी, सरस्वती, ब्रह्मदेव येऊन जातात आणि मग प्रेक्षक ज्याची वाट पाहत असतात तो संकासुर येतो. पुराणातला हा शंखासुर वेद चोरतो आणि मत्स्यावतारी विष्णूच्या हातून मरतो. म्हणजे त्याची चोरीसुद्धा शब्दांचीच. देव ग्रांथिक मराठीत बोलतात, हा अस्सल मालवणीत. मरण तर ठरलेलेच आहे. ते लांबवायचे तर शब्दाचा भलताच अर्थ काढायचा, पुढे बसलेल्या एखाद्या गाववाल्याची खबर घ्यायची, गावच्या कारभाऱ्यांना चिमटा काढायचा. ‘झगडूचा आसा? मगे आधी जेवाक घाल!’ अशा थाटाचे उत्तर आले की देवाचे आव्हान तिथल्या तिथे विरते. लोक हसत आहेत तोवर असुर जिवंत. शेवटी तो मरतो तेव्हा देवाच्या बाजूने बसलेली मंडळीही थोडी हिरमुसतात.

उत्तररंगातील आख्यान रामायण, महाभारत किंवा पुराणांतले. तोंडाला रंग लागत असतानाच प्रमुख नट कथानक सांगतो : कोण कोणाचा, कोण केव्हा येणार, कोण मरणार. बाकी सगळे ज्याचे त्याने पाहायचे. नवखा नट गडबडला की मुरलेला राजा प्रश्नातच उत्तर घालून देतो : ‘प्रधानजी, शत्रू सीमेवर आल्याची वार्ता घेऊनच आलात ना?’ प्रधानाने नुसते ‘होय महाराज’ म्हटले तरी निभावते. उलट, जिरवायचीच असेल तर एक आडवा सवाल पुरतो.

कथेतल्या पात्रांचीही तीच गत. संकटात सापडलेली पतिव्रता (ही भूमिका पुरुष नटच करतो, त्याला स्त्रीपार्टी म्हणतात) तलवार उपसत नाही. ती आधी वचन मागते. एकदा दिलेला शब्द देवालाही फिरवता येत नाही, त्यामुळे कित्येक आख्याने अशा एका वचनाभोवती रात्रभर फिरतात.

पहाटे दहीहंडी फुटते. म्हणून या खेळाला दहिकालो असेही नाव आहे. पूर्वी नट पेटारे डोक्यावर घेऊन पुढच्या गावाला चालत जात. ‘रात्री राजा, सकाळी डोक्यार बोजा’ ही म्हण त्यातूनच आली. अलीकडे ट्रिकसीनची नाटके आली आहेत. धूर, रोषणाई, यांत्रिक चमत्कार यांना गर्दी होते, हे खरे. पण पूर्वी नटाला बोलून भरावी लागे ती जागा आता धूर भरतो आणि काही मंडळांत पूर्वरंगही थोडक्यात उरकतात. संकासुराच्या वाट्याला मग चार वाक्ये येतात.