आभासी यंत्रांवरील ॲप्लिकेशन सर्व्हर : उभारणी आणि परवाने

ॲप्लिकेशन सर्व्हर : मोठ्या संस्थांच्या प्रणालींना लागणारी व्यवहारांची हाताळणी, संदेशवहन, डेटाबेसच्या जोडण्या, सुरक्षा अशी सामाईक कामे स्वतःकडे घेणारे सॉफ्टवेअर. जावाच्या जगात ओरॅकलचे वेबलॉजिक (२००८ मध्ये बीईए ही कंपनी विकत घेतल्यावर ते ओरॅकलकडे आले), आयबीएमचे वेबस्फिअर आणि रेड हॅटचे जेबॉस ईएपी ही त्यातली ठळक नावे. पूर्वी असा सर्व्हर स्वतंत्र यंत्रावर बसवत. आता तो बहुधा आभासी यंत्रावर, म्हणजे खऱ्या यंत्रात सॉफ्टवेअरने उभारलेल्या व्हर्च्युअल मशीनवर बसतो. मात्र परवान्याचा हिशेब अनेकदा त्या आभासी यंत्रापाशी न थांबता खालच्या खऱ्या प्रोसेसरपर्यंत जातो, आणि या विषयातली बहुतेक गुंतागुंत तिथूनच सुरू होते.

बसवण्याचे काम त्या मानाने सरळ आहे. उत्पादकाने मान्य केलेल्या आवृत्तीची जावा आधी घालायची, रूट (सर्वाधिकारी) नसलेला वेगळा वापरकर्ता तयार करायचा आणि इन्स्टॉलर त्याच्या नावाने चालवायचा. एकाच घडणीची अनेक यंत्रे उभी करायची असतील, तर उत्तरांची फाइल आधी लिहून ठेवून इन्स्टॉलर मूकपणे, एकही प्रश्न न विचारता चालवतात. त्यानंतर सर्व्हरच्या मांडणीचा संच तयार करावा लागतो; त्याला वेबलॉजिकमध्ये डोमेन, तर वेबस्फिअरमध्ये प्रोफाइल म्हणतात. यंत्राचे नाव या रचनेत ठिकठिकाणी लिहिले जाते. म्हणून तयार यंत्राची जशीच्या तशी प्रत काढली की नवे यंत्र जुन्याच नावाने वावरू लागते. ज्याच्या प्रती काढायच्या त्या साच्यात फक्त सॉफ्टवेअर ठेवावे आणि डोमेन किंवा प्रोफाइल प्रत काढल्यावरच तयार करावे, हे बरे.

आभासी यंत्राची एक खास अडचण अनेकांना बुचकळ्यात टाकते. जुन्या लिनक्सवर वेबलॉजिक सुरू करावे तर ते कित्येक मिनिटे नुसते थांबून राहते. लॉगची शेवटची ओळ हलत नाही, त्रुटी दिसत नाही, प्रोसेसरही रिकामाच असतो. कारण असे, की सुरक्षेसाठी लागणारे यादृच्छिक अंक जावा कर्नलकडे (लिनक्सच्या गाभ्याकडे) मागते, आणि कर्नल ते कळफलक, माउस, डिस्क यांच्या अनियमित हालचालींतून गोळा करते. आभासी यंत्राला कळफलक कोणी लावत नाही, त्यामुळे साठा लवकर आटतो. जावाला न अडणाऱ्या स्रोताकडे वळवले, की तेच सुरू होणे झटपट होते. २०२० च्या ५.६ कर्नलपासून हे अडणे जवळजवळ नाहीसे झाले. मेमरीचेही तसेच. जावाच्या हीपइतकी (ती आपला डेटा ठेवते त्या जागेइतकी) मेमरी होस्टवर, म्हणजे खालच्या खऱ्या यंत्रावर, राखून ठेवली नाही आणि आभासी यंत्रे चालवणाऱ्या हायपरवायजरने ती काढून घेतली, तर नको असलेला डेटा साफ करताना जावा डिस्कवर गेलेली पाने धुंडाळत बसते आणि सगळा सर्व्हर खोळंबतो.

परवान्याचे गणित याहून कठीण आहे, कारण चुकताना काहीच अडत नाही. बीईएच्या काळात वेबलॉजिकला परवान्याची फाइल लागत असे. १०.३ या आवृत्तीपासून तीही गेली. आज स्टँडर्ड आवृत्तीचा परवाना घेतलेल्या संस्थेनेही व्यवस्थापनाच्या कन्सोलमधून क्लस्टर (एकत्र काम करणाऱ्या सर्व्हरांचा गट) तयार केले तर ते तयार होते, हक्क मात्र एंटरप्राइज आवृत्तीचा लागतो. सॉफ्टवेअर दोन्ही आवृत्त्यांचे तेच. फरक फक्त करारात असतो आणि तो उघड होतो तो तपासणीच्या दिवशी.

ओरॅकलच्या पद्धतीत एंटरप्राइज आवृत्तीसाठी कोअरची, म्हणजे प्रोसेसरमधल्या स्वतंत्र गणन-गाभ्यांची, संख्या गुणांकाने गुणतात. इंटेलच्या सर्वसाधारण प्रोसेसरसाठी हा गुणांक ०.५ आहे. समजा, प्रत्येकी ३२ कोअर असलेले ६ होस्ट व्हीएमवेअर या आभासीकरणाच्या सॉफ्टवेअरने जोडलेल्या एका गटात (क्लस्टरमध्ये) आहेत आणि त्यातल्या एकाच आभासी यंत्राला ४ आभासी प्रोसेसर देऊन वेबलॉजिक बसवले. व्हीएमवेअरची विभागणी ओरॅकल 'मऊ' समजते, म्हणजे ती मोजणीत धरत नाही. यंत्र कोणत्याही होस्टवर सरकू शकते, म्हणून ओरॅकलची मागणी १९२ कोअरची, अर्थात ९६ परवान्यांची होते. हेच यंत्र ओरॅकलने मान्य केलेल्या सार्वजनिक क्लाउडवर, हायपरथ्रेडिंग (एका कोअरचे दोन आभासी प्रोसेसर धरणे) चालू असताना, २ परवान्यांत बसते. या विभागणीविषयीचा ओरॅकलचा दस्तऐवज स्वतःला माहितीपुरता म्हणवतो, तो कराराचा भाग नाही. म्हणून वाद झाला तर आधी स्वतःच्या करारातली 'बसवलेले किंवा चालणारे' ही व्याख्या वाचावी.

आयबीएम आभासी क्षमतेवर मोजणी मान्य करते, पण आपले मोजणीचे साधन ९० दिवसांत बसवून दर तिमाहीला अहवाल काढण्याच्या आणि ते २ वर्षे जपण्याच्या अटीवर. दोन सॉकेटच्या इंटेल यंत्रावर कोअरमागे परवान्याची ७० एकके धरली तर ४ आभासी कोअरची २८० होतात. अट मोडली की ३२ कोअरच्या पूर्ण होस्टची २,२४० एकके लागू होतात. अहवाल काढायचा राहून गेला, एवढ्यावर ही आठपट वाढ होते. जेबॉस ईएपीचा मार्ग निराळा आहे. त्यात परवाना विकत न घेता कोअरच्या संख्येनुसार वार्षिक वर्गणी भरतात, तर त्याचे मुक्तस्रोत मूळ, वाइल्डफ्लाय, वर्गणीशिवाय चालते आणि त्यासोबत उत्पादकाचा आधार मिळत नाही.