सेंड, प्री-डिले, फिल्टर: रिव्हर्बच्या सवयी आल्या कुठून

रिव्हर्ब म्हणजे आवाजाला दिलेला खोलीसारखा घुमारा. घरच्या लॅपटॉपवर आज वीस रिव्हर्ब प्लगइन (ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरला जोडायची साधनं) एकाच वेळी चालतात. पण रिव्हर्ब वापरायची रीत घडली ती अख्ख्या स्टुडिओत एखादाच रिव्हर्ब असायचा तेव्हा. 1947 मध्ये शिकागोत ध्वनिमुद्रक बिल पुटनम यांनी हार्मोनिकॅट्स या हार्मोनिका वाजवणाऱ्या चमूच्या ध्वनिमुद्रणासाठी चक्क स्वच्छतागृहात स्पीकर आणि माइक ठेवून एको चेंबर, म्हणजे घुमाऱ्याची खोली, केलं. खोली एकच, म्हणून ज्या वाद्याला घुमारा हवा त्याचा थोडा आवाज तिकडे पाठवायचा. हाच आजचा सेंड. आज तो असा लावा: ऑक्स ट्रॅकवर (सेंडचे आवाज जिथे जमतात तो वेगळा ट्रॅक) एक रिव्हर्ब, मिक्स 100 टक्के वेट (फक्त घुमारा, मूळ आवाज नाही), सेंड पोस्ट-फेडर (ट्रॅकचा आवाज कमी केला की सेंडही कमी होतो). प्रत्येक ट्रॅकवर वेगळा रिव्हर्ब लावला की गायक एका खोलीत, तबला दुसऱ्या खोलीत असं ऐकू येतं.

1957 मध्ये जर्मनीच्या ईएमटी कंपनीचा 140 हा प्लेट रिव्हर्ब आला. चौकटीत ताणून टांगलेला साधारण 2 मीटर बाय 1 मीटर पोलादी पत्रा, जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर. ड्रायव्हर पत्रा थरथरवतो, पिकअप ती थरथर टिपतो आणि डॅम्पर जवळ सरकवला की घुमारा आखूड होतो. पत्र्यात वरच्या फ्रिक्वेन्सी खालच्यांपेक्षा वेगाने धावतात, भिंतीवरून येतात तसे सुटे पडसाद नसतात. म्हणून प्लेटचा घुमारा क्षणात दाट होतो आणि गळ्याला शोभतो. खालचा भाग मात्र गढूळ होतो. लंडनच्या अ‍ॅबी रोड स्टुडिओत त्यावर काढलेला उपाय आजही तितकाच कामाचा आहे: रिव्हर्बच्या आधी ईक्यू (ठरावीक फ्रिक्वेन्सी कमी-जास्त करणारा फिल्टर) लावून 600 हर्ट्झच्या खालचं आणि 10 किलोहर्ट्झच्या वरचं कापा. ‘स’, ‘श’, ‘च’ तरीही फिसफिसले, तर सेंडवरच डी-एसर (असे फिसफिसणारे उच्चार दाबणारं साधन) लावा.

प्री-डिले म्हणजे मूळ आवाज आणि घुमारा यांच्यातला छोटा उशीर. त्याचं मूळ टेपमध्ये. रेकॉर्ड आणि प्लेबॅक हेडमध्ये 2 इंच अंतर आणि टेपचा वेग सेकंदाला 15 इंच असेल, तर आवाज 133 मिलिसेकंद मागे पडतो; तो तसाच चेंबरकडे पाठवत. गायनाला 20 ते 40 मिलिसेकंद पुरतात. शब्द आधी पोचतो, घुमारा मागून येतो. प्री-डिले शून्यावर ठेवला तर गायक मागे सरकल्यासारखा वाटतो.

1961 मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या संशोधन संस्थेच्या मॅनफ्रेड श्रोडर यांनी गणिती रिव्हर्बचा पाया घातला, 1976 मध्ये ईएमटी 250 हे डिजिटल यंत्र आलं. पत्रा गेला, पण नियंत्रणं तीच राहिली.

चेंबरकडे जाणारा मूळ आवाज कोरडा असे, हे मात्र घरी विसरलं जातं. उघड्या भिंतींच्या छोट्या खोलीत गायलं की जवळचे पडसाद रेकॉर्डिंगमध्येच शिरतात आणि रिव्हर्ब त्यांनाही घुमवतो. गाणाऱ्याच्या पाठीमागे जाड गोधडी टांगा, माइकपासून वीतभर अंतरावर गा. मग सेंड वाढवा.