क्लासिक मोटारींचे चोरी व आगीपासून संरक्षण

क्लासिक मोटारींचे संरक्षण : जतन केलेली जुनी मोटार चोरीला जाऊ नये आणि जळू नये यासाठी गाडीत, गॅरेजमध्ये व कागदपत्रांत केली जाणारी तजवीज. जुन्या वाहनांच्या क्लबांचा आंतरराष्ट्रीय महासंघ ‘फिव्हा’ किमान ३० वर्षांची, मूळ स्वरूपात राखलेली आणि रोजच्या वापरात नसलेली गाडी ऐतिहासिक मानतो. भारतात २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे ‘व्हिंटेज’ नोंदणीसाठी पहिल्या नोंदणीला ५० वर्षे उलटून गेलेली असावी लागतात. अशा गाडीच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात आणि प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे, दुरुस्ती अशा कामांपुरतीच ती रस्त्यावर आणता येते. वर्षातले बहुतेक दिवस ती झाकून उभी असते आणि बरेच धोके या उभे राहण्यातूनच येतात.

चोराच्या दृष्टीने जुनी गाडी सोपी. १९६० च्या दशकापर्यंत बऱ्याच गाड्यांना स्टिअरिंग लॉक नव्हते. अमेरिकेत नव्या गाड्यांना चोरीविरोधी कुलपाची सक्ती १९७० पासून झाली. त्या काळातली किल्ली फक्त बॅटरीचा प्रवाह इग्निशन कॉइलपर्यंत (ठिणगीसाठी विजेचा दाब वाढवणाऱ्या भागापर्यंत) पोचवते. तिला वगळून जोडलेली एखादी वायर तेच काम करते. योग्य किल्लीशिवाय इंजिन सुरू होऊ न देणारा इलेक्ट्रॉनिक इमोबिलायझर फार नंतर आला. ब्रिटनमध्ये नव्या मोटारींना तो ऑक्टोबर १९९८ पासून बंधनकारक आहे.

सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे डिस्ट्रिब्युटरमधला (प्रत्येक प्लगला पाळीपाळीने वीज वाटणाऱ्या भागातला) रोटर हा फिरता तुकडा काढून खिशात टाकणे. मग ठिणगी प्लगपर्यंत पोचतच नाही. १९४० साली जर्मन आक्रमणाच्या भीतीने ब्रिटनमध्ये उभ्या मोटारी निकामी करून ठेवण्याची सक्ती झाली, तेव्हा लोक हेच करत. गाडीच्या मूळपणाला यात जराही धक्का लागत नाही, म्हणून हौशी लोकांना हा उपाय आजही आवडतो. मात्र गाडी ट्रेलरवर चढवून नेणाऱ्याला रोटर असला काय, नसला काय! त्यासाठी चाकाला क्लॅम्प, जमिनीत रोवलेल्या कड्याला साखळी आणि लपवलेला जीपीएस ट्रॅकर लागतो. ट्रॅकर स्वतःच्या बॅटरीवर चालणारा असावा. नाहीतर महिनोन्‌महिने उभ्या गाडीची बॅटरी तो हळूहळू रिकामी करतो.

चोरीवरचा उपाय आणि आगीचे कारण कधीकधी एकच असते. डॅशबोर्डखाली लपवलेला, वीजप्रवाह तोडणारा चोरस्विच घाईत, बारीक वायरने, फ्यूजशिवाय बसवला तर ती वायर तापते. जुन्या गाड्यांत फ्यूज मुळातच मोजके असतात आणि काही महत्त्वाच्या वायरींना तर नसतातच. वायरींवरचे कापडी किंवा रबरी वेष्टन कडक होऊन तडकलेले असते, उरलेसुरले वेष्टन उंदीर कुरतडतात. म्हणून बॅटरीच्या अर्थिंगच्या (गाडीच्या सांगाड्याला जोडलेल्या) टोकाला लावलेला कट-ऑफ स्विच सर्वांत मोलाचा. तो बंद केला की गाडी सुरू होत नाही आणि वायरिंग पेटतही नाही. दोन्ही बाजूंनी उपयोगी पडणारा असा दुसरा स्वस्त उपाय नाही.

आगीचे दुसरे कारण पेट्रोल. ते शून्याखाली सुमारे ४० अंशांनाही पेट घेण्याइतकी वाफ सोडते. ही वाफ हवेपेक्षा जड असल्याने गॅरेजच्या खड्ड्यात साचते. फोक्सवॅगन बीटलचे उदाहरण या बाबतीत बोलके आहे. तिची टाकी पुढे, इंजिन मागे. इंजिनाजवळच्या पेट्रोलच्या रबरी नळीवर कापडी वीण असते आणि आतल्या भेगा तिच्याखाली दिसत नाहीत. कार्बुरेटरच्या (पेट्रोल व हवा मिसळणाऱ्या भागाच्या) झाकणात दाबून बसवलेली पितळी नळी सैल होऊन निसटली, की पेट्रोल तापलेल्या इंजिनावर आणि डिस्ट्रिब्युटरच्या आसपास उडते. इंजिनाचे क्रँककेस (खालचे कवच) मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचे असते. ते एकदा पेटले की पाण्याने आग आणखी भडकते आणि कार्बन डायऑक्साइडही कामाचा राहत नाही. म्हणजे आग पेट्रोलची आहे तोवरच विझवायची.

भारतात २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल फेब्रुवारी २०२३ पासून टप्प्याटप्प्याने आले. जुन्या गाड्यांतल्या रबरी नळ्या, कार्बुरेटरचे गॅस्केट व पंपाचा पडदा इथेनॉलसाठी बनलेले नव्हते. ते फुगतात किंवा ठिसूळ होतात. फ्लोरोइलॅस्टोमर या इंधनाला टिकणाऱ्या रबराचे अस्तर असलेली, ‘एसएई जे३० आर९’ या इंधननळ्यांच्या मानकाची नळी बसवणे हा खरा उपाय. नळी बाहेरून शाबूत दिसते म्हणून मूळचीच ठेवण्याचा हट्ट धरू नये. इथे मूळपणाची हौस महागात पडते.

अग्निशामक निवडताना कोरड्या पावडरीचा विचार जरा थांबून करावा. एबीसी पावडर आग लवकर विझवते, पण तीतले मोनोअमोनियम फॉस्फेट ओलावा शोषून अ‍ॅल्युमिनियम व वायरिंग खाते. फोम पेट्रोलवर चांगला चालतो. स्वच्छ वायूचे अग्निशामक मागे काही ठेवत नाहीत, पण महाग असतात. इंजिनात आग दिसली तर बॉनेट पूर्ण उघडू नये. हवा आत शिरताच ज्वाळा उसळतात. बॉनेटची आतली कळ ओढून जेवढी फट पडते तिच्यातूनच फवारा मारावा. गॅरेजमध्ये अळशीच्या तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा गोळा आपोआप पेटू शकतो. त्या पसरून वाळवाव्यात किंवा झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवाव्यात. दाराला कुलपांची रांग लावली तर आगीच्या वेळी गाडी बाहेर ढकलता येत नाही, हेही लक्षात घ्यावे लागते.

राहिली ओळख आणि विमा. १७ अक्षरांकांचा चॅसी क्रमांक १९८१ पासूनच्या गाड्यांवर सर्रास आढळतो. त्याआधीचे क्रमांक कंपनीगणिक वेगळे आणि बरेचदा रिव्हेटने बसवलेल्या पट्टीवर, म्हणून बदलायला सोपे. १९६४ च्या जेम्स बाँड चित्रपटात वापरलेली अ‍ॅस्टन मार्टिन डीबी५ जून १९९७ मध्ये फ्लोरिडातील एका विमानतळावरच्या हँगरमधून चोरीला गेली. इतकी ओळखीची गाडीही दडवता येते, तिथे साध्या फियाटचे काय! इंजिन व चॅसीचे क्रमांक, वेल्डिंगच्या खुणा, आतल्या दुरुस्त्या यांचे फोटो घरापासून दूर ठेवावेत. भारतात पाच वर्षांपेक्षा जुन्या गाडीची विमा किंमत कंपनी व मालक यांच्या संमतीने ठरते, त्यामुळे मूल्यांकनाचा कागद आधीच तयार असावा. पुण्याच्या ‘एआरएआय’ या वाहन-संशोधन संस्थेने मान्य केलेले चोरीविरोधी उपकरण बसवल्यास मोटार दरपत्रकाप्रमाणे विम्यातल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यात २.५ टक्के सूट मिळे, कमाल ५०० रुपये.