काळ्या मातीत ओलावा मोजणारा सेन्सर

रावेर-यावलच्या केळीबागेत ठिबक कधी सुरू करायचं हे ठरवायला ईएसपी३२ बोर्ड (वायफाय असलेला छोटा प्रोग्रॅम करता येणारा बोर्ड) आणि एक कपॅसिटिव्ह ओलावा सेन्सर पुरतो. उघड्या धातूच्या दोन काट्यांचा स्वस्त सेन्सर घेऊ नका. ओल्या मातीतून वीज वाहते आणि विद्युत अपघटनाने काटे खाल्ले जातात. कपॅसिटिव्ह सेन्सर डायइलेक्ट्रिक स्थिरांकावर, म्हणजे पदार्थ विद्युत क्षेत्रात किती ऊर्जा साठवू शकतो या आकड्यावर चालतो. पाण्याचा हा आकडा सुमारे ८०, कोरड्या मातीचा जेमतेम ३ ते ५. ओल वाढली की सेन्सरचं व्होल्टेज उतरतं, म्हणून बोर्डवर दिसणारा मोठा आकडा म्हणजे कोरडी माती.

घेताना सेन्सरवरची चिप वाचा. टीएलसी५५५ हवी. एनई५५५ ला किमान ४.५ व्होल्ट लागतात, त्यामुळे ३.३ व्होल्टवर तिचा भरवसा नाही. आउटपुटची तार पिन ३४ ला जोडा. २५, २६, २७ वर जोडली, तर वायफाय सुरू होताच वाचन बंद पडतं.

आता खरं काम. बोर्ड ० ते ४०९५ मधला नुसता आकडा देतो, तो तुमच्या मातीचा ओलावा नव्हे. शेतातलीच माती उन्हात खडखडीत वाळवून चाळा. एक-एक किलोचे चार डबे भरा. एक कोरडा ठेवा, बाकीच्यांत १००, २०० आणि ३०० मिली पाणी मिसळा. झाकून रात्रभर मुरू द्या. सगळीकडे माती सारखी दाबा, कारण भुसभुशीत मातीत हवा असते आणि आकडा फसवतो. प्रत्येक डब्यात वीस वाचनं घेऊन मधलं धरा, म्हणजे कोणता आकडा किती पाण्याचा ते कळतं. शेतात वाफसा असताना, मुठीत दाबलेल्या मातीचा लाडू होऊन बोटाने सहज फुटतो तेव्हा, येणारा आकडाही टिपून ठेवा.

सेन्सर ठोकून घालू नका. ड्रिपरपासून वीतभर अंतरावर खड्डा घ्या. २० सेंटीमीटर खोलीवर, खड्ड्याच्या बाजूच्या भिंतीत करवतीच्या जुन्या पात्याने आडवी फट पाडा, तीत त्याच मातीचा पातळ चिखल भरून सेन्सर सरकवा. काळी माती वाळली की आकसते. सेन्सरशेजारी भेग पडली तर तो हवा मोजतो आणि मुळाशी ओल असूनही बाग कोरडी दाखवतो. आकडा तासाभरात उडी मारून चढला, तर ठिबक सोडण्याआधी तिथली माती उकरून बघा. सेन्सरच्या कापलेल्या कडांतून पाणी शिरतं. त्यांना आणि वरच्या चिपला आधीच इपॉक्सी लावा. तापमानानेही वाचन सरकतं, म्हणून रोज पहाटेचंच वाचन धरा.