ऊन घरी येत नाही, गुलाल येतो

दिवसभर उन्हात राहिलं तर अंग भाजतं, पण घरात शिरताना ऊन काही आपल्याबरोबर आत येत नाही. गुलालाचं तसं नसतं. विसर्जनाच्या मिरवणुकीतून परतलेला माणूस दाराची कडी, उशी, चहाचा कप सगळं लाल करून ठेवतो आणि चार दिवसांनीही कानामागे गुलाल सापडतोच. अणुवीज केंद्रात देखभालीचं काम करणाऱ्यांना या दोन गोष्टी कायम वेगळ्या धराव्या लागतात. पाइपातून बाहेर पडणारे गॅमा किरण म्हणजे ऊन. लांब राहा, मध्ये शिसं ठेवा, काम पटकन उरका, एवढ्यानं बरंच भागतं. किरणोत्सारी कण म्हणजे गुलाल. ते श्वासातून छातीत गेले की मग लांब राहायचं कुणापासून?

हे कण फुटक्या इंधनातूनच येतात असा समज आहे. पण देखभालवाल्यांना छळणारा बराचसा माल साध्या झिजेतून तयार होतो. १९६९पासूनच्या तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्यांचं उदाहरण घ्या. तिथे भट्टीतल्या पाण्याची वाफ थेट टर्बाइनवर जाते. भट्टी चालू असताना त्या वाफेत नायट्रोजन-१६ हा किरणोत्सारी नायट्रोजन असतो आणि तो जबर गॅमा किरण सोडतो. पण त्याचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मा उरायला लागणारा वेळ, सात सेकंदांचं, त्यामुळे भट्टी बंद झाल्यावर चार-पाच मिनिटांत त्याचा खेळ खलास. कोबाल्ट इतक्या सहज सोडत नाही. व्हॉल्व्हच्या घासणाऱ्या भागांवर स्टेलाइट नावाच्या कठीण मिश्रधातूचा थर देतात आणि त्यात मुख्य धातू कोबाल्ट असतो. त्याचे झिजलेले कण पाण्याबरोबर भट्टीत जातात, न्यूट्रॉन गिळून किरणोत्सारी कोबाल्ट-६० होतात आणि परत येऊन पाइपांच्या आत गंजाबरोबर चिकटून बसतात. याचं अर्धायुष्य सव्वापाच वर्षांचं. म्हणजे ज्या व्हॉल्व्हनं हा उपद्व्याप केला, तोच दुरुस्तीला खोलायचा आणि आत त्याचीच पुटं!

म्हणून व्हॉल्व्ह खोलण्याआधीच निम्मं काम झालेलं असतं. भोवती प्लास्टिकचा तंबू उभारतात, आतली हवा गाळणीतून खेचून घेतात. त्यामुळे फटीतून हवा आत येते, बाहेर जात नाही. अवघड कामाची तालीम आधी हुबेहूब नमुन्यावर होते, कारण आत गेल्यावर ‘पाना कुठला?’ विचारण्यात गेलेली दोन मिनिटंही अंगावर घेतलेल्या किरणांच्या मात्रेत मोजली जातात. आपल्याकडे कामगाराला पाच वर्षांची सरासरी काढून वर्षाला २० मिलिसिव्हर्टची (हे त्या मात्रेचं माप) मर्यादा आहे आणि कुठल्याही एका वर्षात ३०च्या वर जाता येत नाही.

खरी परीक्षा बाहेर पडताना असते. सीमेवर एक बुटका बाक असतो. अलीकडे मळकी बाजू, पलीकडे स्वच्छ. मनगटावरची चिकटपट्टी आधी काढायची, मग बाहेरचे हातमोजे, उलटे करून. अंगातला डगला आतली बाजू बाहेर येईल असा गुंडाळत उतरवायचा, झटकायचा नाही. बुटावरचं आवरण काढलं की तो पाय थेट बाकापलीकडे, पुन्हा अलीकडे टेकवायचा नाही. आतले हातमोजे शेवटी. घामानं नाक खाजत असतं, पण तिथे हात न्यायचा नाही. हे पाहून मला आजीचं सोवळं आठवतं. मात्र आजीचा विटाळ माणूस बघून ठरायचा. इथे गाळणकागदाच्या चकतीनं जमीन पुसतात, चकती मोजणीयंत्राखाली धरतात आणि आकडा काय ते सांगतो.

कातडीवर काही सापडलंच तर कोमट पाणी आणि साधा साबण. जोरानं घासायचं नाही, कातडी सोलली तर कण रक्तात जायला वाट मिळते.

जड पाण्याच्या, म्हणजे जड हायड्रोजन असलेलं पाणी वापरणाऱ्या भट्ट्यांत दुखणं वेगळं. तिथला ट्रिटियम, म्हणजे किरणोत्सारी हायड्रोजन, धूळ नसून पाणीच असतो. तो वाफेतून श्वासात जातो, कातडीतूनही शिरतो, आणि त्याचे किरण इतके दुबळे की माणसाच्या अंगावरचे कण तपासणाऱ्या दारातल्या यंत्राला पत्ताही लागत नाही. म्हणून बाहेरून हवा पुरवणारा प्लास्टिकचा सूट घालायचा आणि लघवीचा नमुना नियमित द्यायचा. कर्नाटकातल्या कैगा केंद्रात २००९च्या नोव्हेंबरमध्ये कुणीतरी पिण्याच्या पाण्याच्या कूलरमध्ये ट्रिटियमयुक्त जड पाणी मिसळलं होतं. ते उघडकीला आलं ते याच नमुन्यांमुळे. उपाय मुख्यतः भरपूर पाणी पिणं. शरीरातला निम्मा ट्रिटियम साधारण दहा दिवसांत बाहेर पडतो, पाणी प्यायलं की आणखी लवकर.

दारातली यंत्रं कधी भलतंच पकडतात. १९८४च्या डिसेंबरात अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या लिमरिक केंद्रात एका अभियंत्याला पाहून यंत्र रोज बोंबलू लागलं. केंद्राची वीजनिर्मिती तर अजून सुरूही झाली नव्हती. शेवटी एके दिवशी तो कामावर न जाताच, आल्या पावली यंत्रात उभा राहिला. तरी घंटा वाजलीच. घर तपासलं तेव्हा कळलं, खालच्या जमिनीतून रेडॉन हा किरणोत्सारी वायू झिरपत होता आणि त्यापासून झालेले कण कपड्यांना चिकटून रोज केंद्रात येत होते. घर दुरुस्त होईपर्यंत त्या कुटुंबाला काही महिने दुसरीकडे राहावं लागलं.