अक्कलदाढ काढल्याने नजर जात नाही
‘वरची अक्कलदाढ काढू नको, डोळा जाईल’ हा सल्ला गोव्यात, डिचोली-फोंड्यात अजून फुकट मिळतो. तथ्य शून्य. दाढेची कळ मेंदूच्या पाचव्या नसेतून जाते, नजर दुसरीतून. पाचवीचीच एक फांदी डोळ्याभोवती पसरते, म्हणून ठणका तिथवर जाणवतो. गैरसमजाचं मूळ बहुधा तेच.

दाढ काढल्यावर जपायची ती तिच्या खड्ड्यातली रक्ताची गुठळी. ती निसटली की दोन-चार दिवसांत हाड उघडं पडून कानापर्यंत कळा येतात. पहिले 24 तास खळखळून चूळ नाही, थुंकणं नाही, स्ट्रॉ नाही. विडी-सिगरेट पुढेही काही दिवस बंद. फेणीच्या दारूत भिजवलेला कापसाचा बोळा तर मुळीच नको. पेज खा, पण निववून.

खालच्या दाढेत ओठ बधिर राहण्याचा थोडा धोका मात्र खरा. तो डॉक्टरांना आधीच विचारा.